ढमी-तांबूची मारामारी

ढमी मांजरीनं माझ्या तांबूला धण्याच्या ढिगात पाडलं आणि त्याच्या नरड्याला तोंड घातलं, तेव्हा मी हातातलं सूप टाकून धावले.

"अक्का! आवरा तुमच्या म्हशीला! मारतीय ती त्याला!"

"माझ्या म्हशीला?" नीलाक्का, माझी थोरली जाऊ, कांडपाच्या खोलीतून ओरडली. "तुझं ते तांबडं कार्टं सकाळपास्नं तिच्या शेपटीला लागलंय, ते न्हाय दिसलं तुला? डोळ्यात पीठ गेलंय का काय?"

"माझ्या डोळ्यात पीठ गेलंय, तर तुमच्या डोळ्यात मिरची गेलीय!"

"जाणारच! घरात तूच आलीयस की!"

कांडपाच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नीलाक्कानं केरसुणी भिरकावली. ती दोन्ही मांजरांच्या मधोमध आपटली. ढमी पोत्यांच्या थप्पीवर चढली, तांबू मोटरीमागं गेला आणि ज्या बाईचे धणे होते ती, "आता हे कोण निवडून देणार?" म्हणून कंबरेवर हात देऊन उभी राहिली.

"ही देणार," नीलाक्का माझ्याकडं बोट करून म्हणाली.

"ह्या देणार," मी म्हणाले.

शेवटी दोघी बसलो निवडायला. कुणाच्या मांजराचा किती दोष, ते धणे निवडता निवडता ठरलं नाहीच.

तेवढ्यात दाराजवळच्या खुर्चीवरून अण्णा, मान न वळवता, बोलले, "नीले, त्याला सांग, पट्टा घसरतोय. मोटर बंद कर म्हणावं."

'तो' म्हणजे माझा नवरा, बसवंत. अण्णांचा सख्खा धाकटा भाऊ. पलीकडं मोटरीपाशीच उभा होता, बहिरा नव्हता.

नीलाक्का मला म्हणाली, "सांग गं, मोटर बंद कर म्हणावं."

मी म्हणाले, "अहो, मोटर."

बसवंत मला म्हणाला, "अण्णाला सांग, पट्टा घसरत न्हाय. झिजलाय."

मी नीलाक्काला, नीलाक्का अण्णांना. अण्णा म्हणाले, "कुणी झिजवला, ते विचार."

असा तो निरोप चौघांच्या तोंडांतून फिरायचा, आणि फिरताना आम्ही दोघी त्यात पदरचं मीठ घालायचो. 'झिजवला कुणी' हे माझ्यापर्यंत 'तुझ्या नवऱ्यानं झिजवला' होऊन यायचं, आणि माझं उत्तर तिकडं पोचेपर्यंत त्यात नीलाक्काच्या माहेराचा उद्धार झालेला असायचा. आमचा आवाज चढला की ते दोघं गप्प. जणू त्यांचा त्याच्याशी संबंधच नाही.

तासगावात आमची पिठाची गिरणी होती, शेजारच्या खोलीत मसाला कांडप. उन्हाळ्यात चटणीचे दिवस आले की अख्खी गल्ली शिंकायची. मी लग्न होऊन आले तेव्हा ढमी आधीच होती, नीलाक्काची, करडी आणि लठ्ठ. तांबू मला पट्ट्याच्या खड्ड्यात सापडला, मुठीएवढा, ग्रीस माखलेला. मी त्याला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवला. तो मोठा झाला आणि रोजची मारामारी सुरू झाली. धप्प आवाज आला की जी जवळ असेल ती केरसुणी घेऊन धावायची, आणि दुसरी तिच्यामागं भांडायला.

गल्लीत आम्हाला 'शेट्यांच्या तोफा' म्हणत. मीठ जास्त, भाकरी जाड, रांगोळी वाकडी, कशावरूनही आम्ही सुरू व्हायचो. भांडता भांडता नीलाक्का माझी वेणीही घालायची. मी उलट बोलले की पेड आवळायची, मी ओरडायची, मग थोडा सैल सोडायची.

बसवंत मात्र गेले कित्येक महिने गिरणीत पुढच्या दारानं येत नव्हता. अण्णांची खुर्ची त्या दारात असायची. तो मागच्या बोळातून, उकिरड्यावरून उडी मारून आत यायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "जवळ पडतंय." ते जवळ पडत नव्हतं.

धणे सांडले त्या दिवशी अण्णांनी जतला निरोप धाडला, आणि मामा आले.

जतचे मामा म्हणजे माझ्या सासूचे भाऊ. सासू-सासरे गेल्यावर घरातलं मोठं माणूस तेच. वाटण्या करून देण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ज्या घरात मामा जेवले त्या घरात महिन्याभरात दुसरी चूल पेटली, असं लोक म्हणत. मामांना त्याचा अभिमान होता.

ते पोटभर जेवले. हात धुतला, सुपारी कातरली आणि आम्हा दोघींकडं बघत म्हणाले, "गल्लीच्या तोंडाशी उतरलो तवा तुमचा आवाज आला. म्हटलं, घर शोधायला नको."

नीलाक्का म्हणाली, "मग आमचा उपयोगच झाला की मामा."

"तोंड बघ." मामा अण्णांकडं वळले. "सिद्राम, तुझं बरोबर हाय. ह्या दोघी एका चुलीवर नांदायच्या न्हाईत. अरे, दोन मांजरं नांदंनात एका घरात, तिथं दोन बायका काय नांदणार? सोमवार चांगला हाय. मागची खोली धाकट्याला. चूल वेगळी करा. गिरणीचं मग सवडीनं बघू."

अण्णा जमिनीकडं बघत होते. बसवंत छताकडं. दोघांपैकी कुणी 'का' म्हणालं नाही.

बायकांमुळं घर फुटलं म्हणायची फार मोठी सोय असते. पुरुषांची अब्रू शाबूत राहते, आणि पातेली वाटायला बायकाच बसतात. मी हे तेव्हा बोलले नाही. तेव्हा मला मागची खोलीच दिसत होती. मागची खोली म्हणजे एक खिडकी, तीही बोळात उघडणारी. बसवंत घरात आल्यावर दिवसाला चार शब्द बोलायचा, त्यातले दोन 'वाढ' आणि 'पुरे'. त्या घरात माझ्याशी बोलणारं माणूस एकच होतं, आणि ते माझ्याशी भांडत होतं. तेवढंही आता भिंतीपलीकडं जाणार होतं.

"आणि ती मांजरं," मामा म्हणाले. "त्यातलं एक आजच बाहेर काढा. सुरुवात तिथनं करा."

"कुठलं?" बसवंतनं विचारलं.

"मागनं आलेलं," अण्णा म्हणाले.

नीलाक्कानं ढमीला मांडीवर ओढलं.

आमच्याकडं मांजर सोडायची रीत अशी, की ते पोत्यात घालायचं आणि पोतं गरगर फिरवायचं. मग त्याला दिशा उमजत नाही, ते परत येत नाही. अण्णांनी गव्हाच्या रिकाम्या पोत्याचं तोंड धरलं. बसवंतनं तांबूला मानेला उचलून आत टाकलं. अण्णांनी सुतळी आवळली, बसवंतनं टोक धरलं, अण्णांनी गाठ मारली. सगळं एक शब्द न बोलता. त्या दोन भावांनी कित्येक महिन्यांत हाताला हात लावून केलेलं एकच काम, माझं मांजर पोत्यात भरायचं. आणि जोडी अशी, की बघणाऱ्यानं राम-लक्ष्मण म्हणावं.

"अहो, नका ना," मी म्हणाले. "माझं ऐका तरी."

"मला नको सांगू. अण्णाला सांग."

"नीले," अण्णा म्हणाले, "तिला म्हणावं, मामांनी सांगितलंय."

नीलाक्कानं निरोप पोचवला नाही. ती ढमीला मांडीवर दाबून धरून भिंतीकडं बघत बसली होती.

बसवंतनं अंगणात पोतं फिरवलं. आतून आवाज आला नाही. बहुतेक घाबरून गेला असावा. मग पोतं लुनाला अडकवून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्वयंपाकघरात भांडी वाटायला बसलो. दोन ढीग केले. ती एक उचलायची, इकडं ठेवायची. मी एक उचलायची, तिकडं ठेवायची. पितळ, जर्मन, स्टील. ती बोलत नव्हती. मी बोलत नव्हते. लग्न होऊन आल्यापासून त्या स्वयंपाकघरात मी एवढी शांतता ऐकली नव्हती. शेजारची बाई विरजण मागायच्या निमित्तानं डोकावली आणि म्हणाली, "अगं बाई, आज सामसूम? कोण गेलंबिलं का काय?"

"तू जा," नीलाक्का म्हणाली. विरजणही दिलं नाही.

ढमी मागच्या दारात बसली होती. मधूनच उठायची, गिरणीत जायची, रिकामी पोती हुंगायची, मोटरीमागं बघायची, परत यायची. एक विचित्र आवाज काढायची, लांब, घशातून. नीलाक्कानं तिला दूध दिलं. तोंड लावलं नाही. भाकरी कुस्करून दिली, वर साय घातली. ढमीनं सायीकडं बघितलंसुद्धा नाही. ही तीच मांजर, जी सायीसाठी उकळत्या दुधाच्या पातेल्यावर चढायची.

"कस्तुरे," नीलाक्का म्हणाली.

"हं."

"ही त्याला शोधतीय गं."

"शोधू दे. जिंकली की आता. घर तिचंच हाय."

"जिंकलेलं असं रडतं होय?"

मी हातातला डबा खाली ठेवला. ढमी परत पोती हुंगायला गेली.

"कुठं सोडलाय त्याला?" तिनं विचारलं.

"मणेराजुरीच्या वाटंला. बेदाण्याच्या शेडापाशी."

"चल."

"आत्ता? अक्का, मिरचीची रांग लागलीय बाहेर."

"लागू दे. दोन बाप्ये हायत, वर मामा. तिघांना मिळून एक मिरची कांडता येत न्हाय?"

तिनं ढमीला वेताच्या बुट्टीत घातलं, वर दुसरी बुट्टी पालथी टाकली, जुन्या लुगड्याच्या चिंधीनं आवळलं आणि डोक्यावर घेऊन पुढच्या दारानं निघाली. मी मागं. अण्णा खुर्चीत.

"कुठं निघालीस?"

"देवाला."

"आणि गिरणी?"

"गिरणीला मालक हायत."

"अगं, पण त्याला काय सांगायचं झालं तर?"

नीलाक्का पायरीवर थांबली. "तोंड दिलंय की देवानं," म्हणाली आणि उतरली.

वडापच्या जीपमध्ये आम्ही दाटीनं बसलो. बुट्टी मांडीवर. ढमीनं अशी बोंब ठोकली की ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं.

"काय हो मावशी, पोरगं घातलंय का काय बुट्टीत?"

"जाऊ हाय माझी," नीलाक्का म्हणाली.

"आणि ही शेजारची?"

"हीबी जाऊच. हिला बुट्टी पुरंना, म्हणून बाहेर ठेवलीय."

जीप हसली. मी तिला कोपरानं ढोसलं. तिनं मला दुप्पट जोरानं ढोसलं. मग मी बाहेर बघत राहिले.

बेदाण्याची शेडं म्हणजे हिरव्या जाळीखालचे लांबच लांब सांगाडे, त्यावर थरावर थर द्राक्षं वाळत घातलेली. एक बाई बेदाणा निवडत बसली होती. तिनं सांगितलं, काल संध्याकाळपासून एक तांबडं काहीतरी पार त्या टोकाला खालच्या थरात बसलंय, भाकरी टाकली तरी बाहेर येत नाही.

मी वाकून हाका मारल्या. "तांबू! ए तांबू! ये बाळा!"

आतून दोन डोळे चमकले आणि आणखी मागं सरकले.

"असं कोकलल्यावर कोण येईल?" नीलाक्का म्हणाली. "बोक्याला कळंना झालंय, बोलावतीयस का हाकलतीयस."

"मग तुम्ही बोलवा."

"मी कशाला? जिचा हाय ती बोलवंल." तिनं बुट्टीची चिंधी सोडली.

ढमी बाहेर पडली. अंग झाडलं, इकडं तिकडं बघितलं, तोच घशातला लांब आवाज काढला. खालच्या थरातून उत्तर आलं. मग तांबू आला, अंगभर जाळीचे धागे, नाकाला धूळ. ढमी जवळ गेली. नाक नाकाला लावलं. हुंगलं. आणि एक फाडकन मुस्काटात दिली.

तांबू उताणा पडला. ढमीनं उडी घेतली, नरडं धरलं. दोघं मातीत गडबडा लोळायला लागली.

"अहो, सोडवा की!" बेदाणावाली उठली. "मरतंय ते!"

नीलाक्काचा हात सवयीनं केरसुणीसाठी बाजूला गेला. केरसुणी नव्हती. पायातली चप्पल काढायला वाकली, तर चपलेचा अंगठा तुटला. मी पुढं व्हायला गेले तर पदर शेडाच्या तारेत अडकला. म्हणून, निव्वळ म्हणून, आम्ही दोघी तिथंच उभ्या राहून बघत राहिलो.

ढमीनं नरडं धरलं होतं, पण तांबू ओरडत नव्हता. कान टवकारलेले. मागच्या पायांनी तो तिच्या पोटावर थडाथडा लाथा मारत होता आणि एकही नख बाहेर नव्हतं. मग ढमीनं धरलेलं सोडलं आणि, हे आम्ही पहिल्यांदा बघितलं, ती स्वतःहून उताणी पडली. आता तांबू वर, ती खाली. त्यानं तिचं नरडं धरलं. तिनं लाथा मारल्या. मग तो पळाला, खांबापर्यंत गेला, आणि थांबला. वळून बघितलं. ती येत नाही म्हणून दोन पावलं मागं आला. ढमी धावली तेव्हा परत पळाला.

रक्त नाही. केस उपटलेला नाही. फिस्कारणं नाही.

बेदाणावाली म्हणाली, "खेळतायत व्हय! मला वाटलं..."

नीलाक्का तुटकी चप्पल हातात घेऊन मातीतच बसली. बराच वेळ बघत राहिली.

"कस्तुरे, आपण कधी शेवटपतूर बघितलंच न्हाय गं. धप्प झालं की केरसुणी."

"मग तो काळा बोका आला होता, ते काय होतं?" मी विचारलं. "ढमी आठ दिवस न्हाणीत लपली होती तेव्हा?"

"ते खरं होतं."

"पण तेव्हा तर आवाजच नव्हता."

"तेच तर." तिनं डोळे बारीक केले. "आठव की. काही करायचा न्हाय तो. मागच्या दारात नुसता बसायचा. कान आडवे पाडून, एकटक बघत. हिला परड्यात जायचं असलं तरी ही जायची न्हाय. खिडकीवर चढून लांबनं जायची, आणि..."

ती थांबली.

मलाही एकदम ती खुर्ची दिसली. दारातली. आणि उकिरड्यावरून उडी मारून येणारा माझा नवरा.

आम्ही एकमेकींकडं बघितलं. नीलाक्का उठली, ढमीला उचललं, तांबूला उचललं, दोघांना एकाच बुट्टीत कोंबलं. "चल," म्हणाली. "आधी घरी चल."

गल्लीच्या तोंडाशी जीपमधून उतरलो तर आवाज आला. आमचा नव्हता. आम्ही तर इथं होतो.

गिरणीसमोर रांगेतल्या बायका अर्धगोल करून उभ्या. सगळ्यांच्या हातांत मिरच्यांच्या पिशव्या. खुर्ची गटारात उलटी पडलेली. दारात अण्णा आणि बसवंत, पिठानं पांढरे आणि मिरचीनं लाल, एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून ओरडत होते. मामा धोतर सावरत दोघांभोवती फिरत होते.

"मोटर बंद कर म्हणून तीनदा ओरडलो!" अण्णा म्हणत होते.

"मला ओरडलास? भिंतीला ओरडलास! नाव घ्यायचं होतंस माझं!"

"नाव घेऊ? आठ महिने जात्याच्या दगडाला एकटा छिन्नीनं टाकी लावतोय मी! पाठ वाकत न्हाय माझी, रात्री कूस बदलता येत न्हाय, आणि तू चोरागत मागनं येतोस!"

"मग हाक मारायची होती! तोंडात दगड होता?"

"तू मारायची! धाकटा तू!"

"धाकटा न्हाय, पोर! पोर म्हणालास मला! मी टाकी लावलेली, जोंधळा जाड आला, तर भरल्या रांगेसमोर म्हणालास, 'पोरानं लावलीय, पोराचं काम.' मिशा पिकायला लागल्या माझ्या, अण्णा! त्या बाया हसल्या!"

"कवा?" अण्णा म्हणाले. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं, हे आम्हाला तिथूनसुद्धा दिसलं.

"कवा म्हणे! नागपंचमीला!"

"पंचमीपास्नं? एवढ्यासाठी पंचमीपास्नं..." आणि अण्णांनी त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी ढकललं. बसवंतनं उलट ढकललं.

मामा मधे घुसायला निघाले. नीलाक्कानं डोक्यावरची बुट्टी माझ्या हातात दिली आणि मामांचा सदरा मागून धरला.

"मधे पडू नका मामा."

"अगं, मारतील एकमेकांना!"

"बघू की."

"काय बघू?"

"एकदा शेवटपतूर बघू," ती म्हणाली. पण सदरा तिनं मुठीत आणखी आवळला, आणि मी बुट्टी. मांजराचं मांजराला ठीक. माणसाच्या नखांचा काय भरवसा?

अण्णांनी ढकललं, बसवंतनं ढकललं. एक ओरडला, मग दुसरा ओरडला. एकाचं बोलून होईपर्यंत दुसरा थांबत होता, हे मी बघितलं आणि बुट्टीवरची पकड जरा सैल केली. मग अण्णांनी परत हात उगारला आणि त्यांच्या पाठीत उसण भरली. ते होते तसे वाकडे झाले. बसवंतनं पुढं होऊन त्यांच्या कमरेला मिठी घातली.

"कुठं दुखतंय?"

"सगळीकडं. सोड मला."

"सोडलं तर पडशील."

"पडू दे."

"गप बस." बसवंतनं त्यांना तसंच धरून पोत्यावर टेकवलं. दोघंही धापा टाकत होते. पट्ट्याचा आवाज येतच होता, मोटर अजून कुणी बंद केली नव्हती. मग बसवंत म्हणाला, "टाकी मी लावतो उद्यापास्नं."

"आणि जाड आलं तर?"

"तर म्हण पोर. पण घरात म्हण. रांगंसमोर न्हाय."

अण्णांनी पिठानं भरलेल्या हातानं तोंड पुसलं, त्यामुळं तोंड आणखीच पांढरं झालं. "बरं," म्हणाले.

रांगेतली एक बाई पुढं सरकली. "झालं असंल तर माझी मिरची घ्या की. दोन वाजल्यापास्नं उभी हाय."

आधी नीलाक्का हसली. मग सगळी गल्ली. मी बुट्टी पोटाशी धरून पायरीवर बसले ती उठेचना. आतली दोघं वरची बुट्टी उचलायला बघत होती.

मामा मात्र हिरमुसले. रिकाम्या हातानं परत जायची त्यांना सवय नव्हती. "मग सोमवारचं काय?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी आमचा उपास असतोय मामा," नीलाक्का म्हणाली. "चूल पेटतच न्हाय. कुठली पहिली आणि कुठली दुसरी?"

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी ह्या दोघी भांडतील," बसवंत म्हणाला. "आम्हाला सवड व्हायची न्हाय."

अण्णा हसले आणि पाठ धरून कळवळले.

मामा जेवून गेले. वाढताना नीलाक्कानं त्यांना तूप जरा जास्तच घातलं.

मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात वाटलेली भांडी परत लावायला बसलो. माझा ढीग उपसताना सगळ्यात तळाशी, जर्मनच्या टोपाखाली, मला मोठी पितळी परात सापडली. ती नीलाक्काच्या माहेरची होती, काठावर तिच्या वडलांचं नाव कोरलेलं. तिला ती कुणाला हात लावू द्यायची नाही. सकाळी, आम्ही एक शब्दही बोलत नव्हतो तेव्हा, तिनं ती माझ्या ढिगात सरकवली होती.

मी परात हातात धरून तशीच बसले.

"बघतीयस काय?" नीलाक्का पाठमोरी म्हणाली. "तुला कणीक मळता येत न्हाय. निम्मी खाली सांडतीस. लहान परातीत तुझं काय भागलं असतं?"

मी पदरानं काठावरचं नाव पुसलं.

"आणि कस्तुरे," ती म्हणाली, "माझं उलथनं कुठाय? सगळं धुंडाळून झालं. ना तुझ्या ढिगात, ना माझ्या."

मी उठले. मागच्या खोलीत गेले, माझी ट्रंक उघडली, साड्यांच्या खालून ते काळं, दांडा वाकलेलं उलथनं काढलं आणि आणून तिच्या हातात दिलं.

तिनं उलथन्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं.

"चोरटी," ती म्हणाली, "बस इकडं. केस बघ कसे झालेत. शेडातली निम्मी माती डोक्यात घेऊन आलीयस."

मी तिच्यापुढं पाठ करून बसले. तिनं पेड असा आवळला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.